माझ्या नावावर सात नंबर

३ सप्टेंबर, बुधवार

घरात फोनला धड रेंज नाही. दिघीत सगळीकडं फाइव्ह-जी आलं म्हणतात, पण आमच्या गल्लीच्या मागं मिलिटरीची भिंत आहे आणि भिंतीच्या आसपास टॉवर नाही. दोन वाक्यं नीट बोलायची तर गच्चीवर जावं लागतं. बुद्धरत्न म्हणाला, "पप्पा, कंपनी बदला. नंबर तोच राहतो." म्हणून आज भोसरीला योगिनीच्या दुकानात गेलो.

योगिनी म्हणजे छबूबाईची मुलगी. जुन्या चाळीत भिंतीला भिंत लागून होती आमची. माझ्या बायकोच्या, सरूच्या हातचा वरणभात खाऊन वाढलेली पोर. आता स्वतःचं मोबाईलचं दुकान चालवते, हाताखाली कुणी नाही, सगळं एकटी बघते. मला कौतुक आहे.

मशीनवर माझा अंगठा उमटत नाही. एकतीस वर्षं ग्राइंडिंगला काढली. कास्टिंग हातात धरून चाकावर घासायचं, हातमोजे फाटले की नवे येईपर्यंत तसंच. रेघा गेल्या त्या गेल्याच. रेशनच्या दुकानात मागचे लोक करवादतात. योगिनी करवादत नाही. ओल्या फडक्यानं अंगठा पुसते, मशीन पुसते, "काका, परत लावा," म्हणते. आज सहा वेळा लावला. फोटोही दोनदा काढला, पहिला हलला म्हणाली. मग सर्व्हर बंद पडला. शनिवारी या म्हणाली.

गेल्या वर्षी सरूच्या फोनचं सिम माझ्या नावावर घेतलं तेव्हाही तीन चकरा झाल्या होत्या, फोटोही दोनदा, पहिल्यात डोळे मिटले होते म्हणून. प्रत्येक चकरेला तिनं चहा पाजला.

६ सप्टेंबर, शनिवार

काम झालं. आज चार वेळा अंगठा. दुकानात रंगराव भेटला. आमच्या शेजारच्या फाउंड्रीत मोल्डर होता, मूळचा भोसरी गावठाणातला. त्याचाही पाच वेळा लावून घेतला. तो म्हणाला, "आपल्या बोटाला रेघाच न्हाईत राव. सरकारला आमी दिसणार कसं?" योगिनी खूप हसली.

तिच्याकडं गिऱ्हाईक बहुतेक आमच्यासारखंच. गवंडी, ग्राइंडर, धुण्याभांड्याच्या बायका. दुसरीकडं हाकलून देतात, इथं सांभाळून घेतात.

घरी सांगितलं तर बुद्धरत्न जेवता जेवता थांबला. "किती वेळा लावला म्हणालात?" मी म्हणालो, "मोजत कोण बसतं?" खरं तर मी मोजतो. नग मोजायची सवय आहे, वहीत लिहूनही ठेवतो. पण ज्या सुरात त्यानं विचारलं तो सूर मला आवडला नाही.

रेंज अजूनही नाही. नवी कंपनी चार दिवसांनी चालू होईल म्हणाली, पण भिंत तीच.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी कामावर जाण्याआधी बुद्धरत्ननं माझा फोन मागितला. मागितला म्हणजे काय, उचललाच. "जरा बघतो." मी दाढी करत होतो, आरशातून दिसत होतं. फोन टुणकन वाजला, कसला तरी मेसेज आला, त्यातले आकडे बघून त्यानं स्वतःच्या फोनवर मारले. मग बराच वेळ काहीतरी वाचत उभा राहिला. फोन परत दिला तेव्हा तो मेसेज नव्हता.

"काय होतं रे?"

"काही नाही पप्पा. अपडेट."

बाहेर पडताना दारातून म्हणाला, "योगिनीकडं परत अंगठा लावायला जाऊ नका."

तिनं ह्याचं काय वाकडं केलंय? मेसेज पुसायचं कारण काय? टीव्हीवर रोज सांगतात, आलेले आकडे कुणाला देऊ नका. घरातल्या माणसाचं काय करायचं ते सांगत नाहीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी तो चाळीस मिनिटं गच्चीवर फोनवर होता. फोनला गच्चीवर आम्ही सगळेच जातो, पण चाळीस मिनिटं कसलं बोलणं? मी वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून वर गेलो. जिन्यातच ऐकू आलं, "नाही हो मॅडम, त्यांना कळता कामा नये. मे महिन्यातच आयसीयूतून आलेत." मला पाहिलं आणि फोन कट केला.

कुठली मॅडम? आणि मला कळता कामा नये असं काय आहे? माझ्या छातीचं दुखणं चार महिन्यांपूर्वीचं. आता रोज तीन किलोमीटर चालतो मी.

सरूला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, लग्नाचं काही असेल." असेल. पण लग्नाचं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज मी एक वाईट काम केलं. ते लिहून ठेवतो.

बुद्धरत्नला सुट्टी होती, तो आंघोळीला गेला आणि मी त्याची बॅग उघडली. उघडायच्या आधी न्हाणीच्या दाराला कडी आहे का बघितलं, म्हणजे वाईट आहे हे मला ठाऊक होतं. डबा, ओळखपत्र, वायरी, आणि एका पाकिटात सिमकार्डं. वीसएक तरी असतील. प्रत्येकावर नंबर. मी मोजले, दहा आकडी नाहीत, तेरा आकडी. तेरा आकडी फोन नंबर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. बाहेरदेशचे असावेत.

तो चाकणला एका कंपनीत आहे. ट्रकांमध्ये कसलंसं यंत्र बसवतात. नक्की काय करतो हे मला कधी कळलं नाही. त्यानं दोनदा समजावलं होतं, मी मान हलवली होती.

पाकीट होतं तसं ठेवलं. घाईत चेन नीट लागली नाही. त्याच्या लक्षात आलं असेल.

२९ सप्टेंबर, सोमवार

अकरा वाजता एक हवालदार घरी आले. सज्जन माणूस, चपला बाहेर काढल्या. परराज्यातल्या पोलिसांचं पत्र आलंय म्हणाले. ऑगस्टमध्ये तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेला व्हिडिओवर खोट्या पोलिसांनी चार दिवस "अटकेत" ठेवलं. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आयुष्याची जमा गेली तिची. ज्या नंबरवरून तिला पहिला फोन गेला तो माझ्या नावावर आहे.

मी म्हणालो, "माझा नंबर हा." त्यांनी पत्रातला नंबर दाखवला. तो मी कधी पाहिलेलाही नाही.

"काका, आधार तुमचं, फोटो तुमचा, अंगठा तुमचा," हवालदार म्हणाले. "शनिवारी येऊन जबाब द्या."

पत्रातला फोटो खरंच माझा होता. डोळे मिटलेले.

सरू रडायला लागली. मी तिला गप्प केलं. बुद्धरत्नला आत्ताच सांगू नकोस म्हणालो. का म्हणालो ते तिला कळलं नाही. मला कळलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

योगिनीकडं गेलो. सिममधलं तिला कळतं, दुसरं कुणाला विचारणार? हवालदारांनी दिलेली पत्राची प्रत दाखवली. वाचता वाचता तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. पोरीला माझी केवढी काळजी. तोंडाला कोरड पडली होती तिच्या.

"काका, तुमचं आधार कार्ड कुणाच्या हाती असतं?"

"घरात. कपाटात."

"फोन?"

मी खिशातला फोन चाचपला.

"घरातलंच कुणीतरी असतं हो अशा केसमध्ये. मी बघते ना रोज." मग म्हणाली, "पोलिसांकडं लगेच जाऊ नका. मी वरच्या माणसाला विचारते. आणि बुद्धरत्नला यातलं काही बोलू नका."

चहा मागवला नाही आज. घाईत होती.

गाडीवरून परत येताना एकच वाक्य डोक्यात होतं, घरातलंच कुणीतरी. म्हणजे तिलाही तेच वाटतंय. मी वेडा नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. विहारात वंदनेला तिघं गेलो. पंचशील म्हणताना "अदिन्नादाना" आलं, न दिलेलं घेणार नाही, आणि मी डोळे उघडून शेजारी पाहिलं. तो हात जोडून, डोळे मिटून म्हणत होता. लहानपणी मीच शिकवलं, अर्थासकट. मला त्याच्या शेजारी बसवेना. पाय दुखतात सांगून मागं जाऊन बसलो.

४ ऑक्टोबर, शनिवार

योगिनीनं थांबायला सांगितलं होतं, पण तारीख पोलिसांनी दिलेली. गेलो. सायबर विभागाला फौजदार स्नेहल मॅडम आहेत. तिशीच्या असतील. शांतपणे विचारत होत्या.

"तुमचं आधार आणि फोन, दोन्हीला कोण हात लावू शकतं?"

मी सांगितलं, बायको आणि मुलगा. बायकोला फोन उचलण्यापलीकडं काही येत नाही.

"मुलाबद्दल काही संशय?"

तिथं घड्याळ होतं. मी त्याच्याकडं किती वेळ बघत होतो कोण जाणे. मला ती शिक्षिका आठवत होती, कॅमेऱ्यासमोर बसलेली. आमच्या घरातल्या कुणी असलं काही केलं असेल तर झाकायचं नाही, हे खरं. पण ही वही माझी एकट्याची आहे, म्हणून दुसरंही खरं लिहितो. मी स्वतःसाठी घाबरलो होतो. या वयात कोठडी. कुणाचं तरी नाव दिलं की मी उठून घरी जाणार होतो.

मी माझ्या मुलाचं नाव दिलं. बुद्धरत्न खंडू. मेसेज पुसला ते सांगितलं, गच्चीवरचं सांगितलं, बॅगेतलं पाकीट सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. सही केली. सही मला येते.

घरी आलो तेव्हा तो माझ्या गोळ्यांचा डबा भरत होता. आठवड्याच्या गोळ्या तोच लावून ठेवतो. विचारलं, "कुठं गेला होतात उन्हाचं?" मी म्हणालो, रंगरावकडं.

६ ऑक्टोबर, सोमवार

पोलिसांनी त्याला कंपनीतून थेट बोलावलं. मलाही. तो आला तेव्हा गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. मला तिथं बसलेलं पाहून तो माझ्याचकडं धावला. "काय झालं? बरं वाटत नाही का?" त्याला वाटलं मला काही झालं म्हणून बोलावलंय.

मॅडमनी त्याला समोर बसवलं.

"वडिलांच्या नावावरच्या नंबरांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"सात आहेत मॅडम. दोन आमचे, पाच आमचे नाहीत."

"वडिलांना माहीत नाही. तुम्हाला कसं माहीत?"

"एकाच सिमसाठी दोन दिवस इतक्या वेळा अंगठा लागला, हे मला पटेना. सरकारच्या साइटवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. त्यांच्या फोनवर आलेले आकडे टाकून पंधरा तारखेला पाहिलं. त्याच दिवशी पाचही नंबरांची तक्रार केली." त्यानं फोन पुढं सरकवला. "तक्रार केंद्राच्या मॅडमशी पण बोललोय. चार बंद झालेत. दुकानाचं नावही दिलंय."

मॅडम बराच वेळ फोन बघत होत्या. मग म्हणाल्या, "वडिलांना का नाही सांगितलं?"

"डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलंय. बंद झाल्यावर सांगणार होतो."

"आणि बॅगेतली सिमं?"

आता तो गोंधळला. "ती ट्रकच्या ट्रॅकरची. कंपनीची. त्यावर माणूस बोलत नाही, यंत्रच यंत्राला गाडी कुठं आहे ते कळवतं. म्हणून नंबर तेरा आकडी." मग त्याच्या लक्षात आलं. "पण बॅगेतलं तुम्हाला…"

"तुमच्या वडिलांच्या जबाबात आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी तुमचं नाव घेतलंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो ओरडेल याची मी वाट बघत होतो. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम," तो म्हणाला, "त्यांची दुपारची गोळी राहिलीय. आधी थोडं पाणी मिळेल का त्यांना?"

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल रिक्षात बोलणं झालं नाही. घरीही नाही. सरूला त्यानंच सांगितलं, "पप्पांवर काही येणार नाही." बाकी काही सांगितलं नाही. मीही नाही.

आज मॅडमचा फोन आला. गच्चीवर जाऊन घेतला. बंद व्हायच्या राहिलेल्या पाचव्या नंबरावरून शिक्षिकेला तो फोन झाला होता. मुलानं तक्रार केली ती पोलिसांचं पत्र यायच्या दोन आठवडे आधी, म्हणून माझ्या बाजूनं तो कागद भक्कम आहे. पाचातल्या एका सिमचा अर्ज सहा सप्टेंबरला भरला गेला, माझ्या अर्जानंतर सहा मिनिटांनी. त्या दिवशी अंगठा किती वेळा लावला ते आठवतं का, त्यांनी विचारलं. थांबा म्हणालो, खालून वही आणून सांगितलं. चार.

मग मागची पानं वाचत बसलो. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. एकेक तारीख. दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

ओळख पटवायला पोलिसांकडं गेलो. योगिनी बाकावर बसली होती. शेजारी छबूबाई, पदर तोंडात धरून. छबूबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही.

तिनं ज्यांच्या नावावर जादा सिमं काढली त्यांच्या यादीत अकरा माणसं आहेत. रंगराव आहे. दोघं गवंडी, एक भांडीवाली शालनबाई, बाकी सगळे फाउंड्री नाहीतर ग्राइंडिंगचे. मॅडमनी यादी वाचली तेव्हा मी ओळखलं, यातल्या एकाच्याही बोटाला धड रेघ नाही.

"काका," योगिनी म्हणाली, "महिन्याला इतकी सिमं चालू झालीच पाहिजेत असं होतं. नाहीतर दुकान काढून घेणार होते. ती पुढं कुठं जातात मला माहीत नव्हतं."

"माझाच अंगठा का?"

ती जमिनीकडं बघत होती. "तुमचा उमटत नाही असं तुम्हीच धरून चालायचात. परत लावा म्हटलं की तुम्ही लावायचात. दुसरे विचारतात, का म्हणून."

"म्हणजे तो उमटत होता?"

"उमटत होता काका. दुसऱ्या-तिसऱ्यांदा उमटायचाच. त्यापुढचे ठसे दुसऱ्या सिमसाठी."

मी ओळख पटवली. खाली उतरताना जिन्यात थांबलो. इतकी वर्षं लोकांची माफी मागत अंगठा पुढं केला. रांगेतल्या लोकांची, मशीनवाल्यांची, हिचीसुद्धा. ती मला घरातलंच कुणीतरी म्हणाली आणि मी तिचे आभार मानून घरी आलो.

तिचा राग येतो. पण तिनं नुसतं बोट दाखवलं होतं. चालत गेलो मी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बुद्धरत्न बोलतो. भांडत नाही. गोळ्या लावून ठेवतो. फक्त एक नवीन सुरू झालंय. माझा फोन टेबलावर असला तरी विचारतो, "पप्पा, घेऊ का?" मी हो म्हटल्याशिवाय हात लावत नाही. चार्जिंगला लावायचा असला तरी. "घेऊ का?"

आज सरूनं विचारलं, "हा असा पाहुण्यासारखा का वागतोय?" मग तिला सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "मला विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं माझा मुलगा कसा आहे." आणि उठून गेली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. स्नेहल मॅडमना भेटून आलो. म्हणालो, माझा जबाब काढून टाका. त्या म्हणाल्या, "काका, दिलेला जबाब पुसता येत नाही. पुरवणी जबाब देता येतो." मी दिला. मुलावर घेतलेला संशय चुकीचा होता, असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "एवढं पुरे. केससाठी याहून जास्त लागत नाही." मी म्हणालो, "अजून एक ओळ घ्या. भीतीपोटी नाव घेतलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ती ओळ घेतली.

घरी आल्यावर कळलं, बुद्धरत्ननं चाकणला कंपनीतल्या एका मित्राबरोबर खोली बघितलीय. येण्याजाण्यात रोज अडीच तास जातात, असं कारण सांगितलं. ट्रॅफिक आहेच. पण ट्रॅफिक चार वर्षांपासून आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

आज सामान न्यायचं होतं त्याला. सकाळी सरू त्याच्यासाठी चटणी कुटत होती. मी ही वही घेऊन त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"माझी वही आहे. सप्टेंबरपासूनचं सगळं आहे यात. वाच."

त्यानं हात लावला नाही. "तुमची आहे पप्पा. तुम्ही माझी बॅग उघडलीत म्हणून मी तुमची वही उघडायची का?"

मी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि म्हणालो, "तू उघडू नकोस. मी वाचून दाखवतो."

तो कपडे घडी करत राहिला. मी तीन सप्टेंबरपासून सुरुवात केली. बॅगेच्या पानाशी आल्यावर त्याचे हात थांबले. आतलं कुटणंही थांबलं होतं. सरू दारात येऊन उभी होती.

चार ऑक्टोबर आलं. घड्याळापर्यंत वाचलं, शिक्षिकेपर्यंत वाचलं. "कुणाचं तरी नाव दिलं की मी उठून घरी जाणार होतो" इथपर्यंत आलो आणि थांबलो. पुढची ओळ समोर दिसत होती. मी वही मिटायला गेलो.

बुद्धरत्न खाली माझ्यासमोर बसला होता. कधी येऊन बसला ते मला कळलं नव्हतं.

"मिटू नका," तो म्हणाला. "पुढं वाचा, पप्पा."

मी पुढं वाचलं.